जिम्मा माझा

दौलतदादाला भीती ठाऊक न्हवती असं सगळे सांगतात. मी बी तेच सांगतो. फरक एवढाच, की ते तारीफ म्हणून सांगतात आणि मी तक्रार म्हणून.

तो वारला तेव्हा चौकात त्याच्या फोटोचा मोठा बोर्ड लागला. शोकसभा झाली. मिलमधले जुने-नवे सगळे गेल्ते. मला निरोप आल्ता, मी गेलो न्हाई. पोरगा म्हणला, "बाबा, मेलेल्या माणसासंगं काय वैर धरता?" वैर धरलं न्हाई. मला एकाच कानानं ऐकू येतं, आणि त्या एका कानात काय जाऊ द्यायचं ते मी ठरवतो. सभेत जे बोलले ते पोरानं घरी येऊन सांगितलं. वाघ होता, पुढं होऊन काम करायचा, दुसऱ्यासाठी हात जाळून घेतले. सगळं खरं हाये. एक गोष्ट कोणी सांगितली न्हाई, म्हणून मी लिहायला बसलो. माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर वाकडं येतं, ते येऊ द्या.

तोंडावर मी त्याला कायम 'तुमी' म्हणलो. कागदावर 'तो' म्हणतो. कोणाला राग आला तर यावा.

जालना जिल्हा झाला त्या सालात मी लोखंडाच्या मिलमधे लागलो. लोखंड तापवून सळया ओढायचं काम. शेटजी मारवाडी, त्यांचं घराणं जुन्या जालन्यात कापडाच्या धंद्यातलं, लोखंडात नवीनच पडलेलं. दौलतदादा फोरमन. वडीगोद्रीकडच्या पाटलाच्या घरातला. घरी काळी जमीन, बारमाही विहीर, नोकरीची बिलकुल गरज न्हाई. पण मशिनीचं याड. बैलाच्या मागं चालायला आपण जन्मलो न्हाई असं तोच सांगायचा. उंच, सडपातळ, आणि मिलच्या त्या काळ्या धुरात रोज पांढरा शर्ट घालून यायचा. आमी सकाळी माणसं आणि दुपारी भुतं. त्याचा शर्ट घरी जाताना बी पांढराच. ते त्यानं कसं जमवलं मला अजून कळलं न्हाई.

मशिनीतून लाल सळई सापासारखी पळत बाहेर यायची. नवा माणूस ती पाहून मागं सरायचा. दौलतदादा पुढं व्हायचा, वाकायचा आणि पळत्या सळईवर विडी पेटवायचा. तारेत करंट हाये का न्हाई ते टेस्टरनं पाहत न्हवता, बोटाच्या पाठीनं पाहायचा. "उलटं बोट लावलं की करंट हात फेकून देतो, सुलटं लावलं की धरून बसतो," असं नव्या माणसांना शिकवायचा. शिकवलेलं बराबर होतं. पण टेस्टर कपाटात पडून होतं, ते घे म्हणून त्यानं कोणाला सांगितलं न्हाई.

आणि त्याचा शब्द होता 'जिम्मा'. जबाबदारी हा शब्द आमच्याकडं कागदावरचा, साहेब लोकांचा. माणूस माणसाला म्हणतो ते जिम्मा. लग्नात आचाऱ्याचा जिम्मा एकाचा, पाण्याचा जिम्मा एकाचा, म्हणजे बाकीच्यांनी जेवायला बसायचं. दौलतदादा कुठलंबी अवघड काम निघालं की छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "चला. जिम्मा माझा." एवढं म्हणलं की झालं. मंग कोणी विचारत न्हवतं साखळी केवढ्या वजनाची हाये, खाली कोण उभा हाये. सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरून त्याच्या डोक्यावर गेलेलं असायचं. आता मला कळतं, ते तसं जात नसतं. साखळी तुटली तर ती जिम्मा कोणाचा विचारून पडत न्हाई. पण तेव्हा आमाला लई बरं वाटायचं, हे खरं. असा माणूस पाठीशी असला की झोप चांगली लागते.

एकदा त्याच्या पुतणीच्या साखरपुड्याला आमी त्याच्या गावाकडं गेल्तो. ऐन जेवणाच्या टायमाला लाईट गेली. डीपीवरचा, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडाला होता. लाईनमनला निरोप गेला, लाईनमन अंबडला. पाव्हणे घामानं भिजून राह्यले होते. दौलतदादानं नव्या धोतराचा सोगा वर खोचला, वाळलेला बांबू मागवला, पायाखाली लाकडी पाट घेतला.

त्याचा चुलता म्हणला, "दौलत, नको रं. आज घरात कार्य हाये."

"आबा, तुमी पंगत बसवा. जिम्मा माझा."

बांबूच्या टोकानं त्यानं फ्यूज टाकला, फट्ट करून ठिणगी उडाली, लाईट आली, पंगतीत टाळ्या पडल्या. तो हात धुऊन वाढायला लागला. मला म्हणला, "दगडू, घे की बुंदी. तुह्या तोंडाचं पाणी काहून पळालं?" मी म्हणलो, "दादा, बांबू आतून वला असता तर?" तो म्हणला, "असता तर. पण न्हवता ना?" आणि हसला.

हे त्याचं गणित. झालं न्हाई म्हणजे होणार न्हाई. जेवढे दिवस काही झालं न्हाई, तेवढे सगळे दिवस तो आपल्या बाजूचे साक्षीदार म्हणून उभे करायचा. त्यानंतर त्या गावात डीपीला हात घालायची चालच पडली. दौलतरावांनी टाकला, मंग आपण का न्हाई. पुढच्याच उन्हाळ्यात त्याच्याच शेजारच्या एका माणसाचा कोपरापासून हात गेला. दौलतदादा त्याला पाहायला दवाखान्यात गेल्ता, खर्चा बी त्यानंच केला. परत येऊन म्हणला, "लेकाला पाट घ्यायचं सुचलं न्हाई." म्हणजे चूक पाटाची.

तो वाईट माणूस होता असं मी म्हणत न्हाई. वाईट असता तर आमी त्याचं ऐकलंच नसतं.

शेटजी भित्रे होते. कापडाच्या दुकानातला माणूस, भडका पाहिला की डोळ्यावर हात घ्यायचे. एकदा त्यांनी पिवळी हेल्मेटं आणली, सगळ्यांना वाटली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दौलतदादानं हेल्मेट उलटं केलं, त्यात कांद्याची भजी ओतली आणि मधे ठेवलं. "घ्या लेकाहो. शेटजीनं टोपली बाकी चांगली दिली." आमी पोट धरून हसलो. मी बी हसलो. नेमके शेटजी आले.

"अरे दौलतराव, ते डोक्यात घालायला दिलंय."

"शेटजी, डोकं असलेल्यानं घालायचं. आमी बिनडोक, म्हणून तर भट्टीपाशी उभे राहतो."

शेटजी बी हसले, काय करतील? दोन भजी खाऊन गेले. त्यानंतर हेल्मेट डोक्यावर घातलं की लोक विचारायचे, "आज भजी काय भाव?" मी घालायचो. मला हट्टी म्हणतात ते उगीच न्हाई. माझं नाव भजीवाला पडलं, पडू दिलं.

मी क्रेन चालवायचो. छताखाली पत्र्याची खोली, तिच्यात बसायचं. खालचं माणूस समजतं की क्रेनवाल्याला फक्त हुक दिसतो. क्रेनवाल्याला सगळं दिसतं. कोण कुठं सावलीला बसतो, कोण पाणी कमी पितो, कोण कोणाला टाळतो. पुढं मिलमधे विजेवर चालणारी भट्टी आली. भंगार टाकायचं, वितळवायचं, त्याचा रस मी क्रेननं उचलून न्यायचो. वितळलेल्या लोखंडाला आमी रसच म्हणतो. त्या भट्टीच्या कट्ट्यावर हसनाबादचा कचरू होता.

कचरू माझा दोस्त. त्याच्या आधीची भावंडं जगली न्हाईत, म्हणून बापानं नजर लागू नये असं नाव ठेवलं. कामाला वाघ, बोलायला गाय. भंगार निवडून द्यायचं काम त्याचं. बंद डबा, बंद नळी, गाडीचा शॉकअप असं काही भट्टीत गेलं तर आतली हवा तापून बाँबसारखं फुटतं. कचरू एकेक तुकडा हलवून पाहायचा. एकदा भंगारात एक जाड नळकांडं आलं, दोन्ही तोंडं बंद. सगळे लांब पळाले. कोणी म्हणालं मिलिट्रीचं हाये, कोणी म्हणालं गॅसचं. दौलतदादा आला. "सरका समदे. लांब. अजून लांब. कचरू, तू बी." नळकांडं एकट्यानं उचललं, कुंपणापाशी नेलं, मांडीत धरून छिन्नी लावली आणि हातोडा घातला. आमी भिंतीमागं. तीन-चार घाव ऐकू आले, मंग त्याचा आवाज, "या रे. आत कोणाचा तरी जुना वास हाये, बाकी काय न्हाई."

त्या दिवसापासून कचरू त्याचा भक्त झाला. मला म्हणायचा, "दगडू, दुसरा फोरमन असता तर मला फोडायला लावलं असतं." हे बराबर होतं. मी म्हणलो, "आणि फुटलं असतं तर?" कचरू म्हणला, "तर ते मेले असते, आपण न्हाई." यालाच मी सगळ्यात जास्त भ्यायचो. जो माणूस आधी स्वतःचा जीव पुढं ठेवतो, त्याला कोणी न्हाई म्हणू शकत न्हाई. भित्र्या मालकाला न्हाई म्हणता येतं, लबाड मुकादमाला येतं. ह्याला कसं म्हणणार? पण तो धोक्यापाशी उभा राहायचा एक दिवस, आणि त्याची रीत पडली की बाकीचे तिथं उभे राहायचे वर्षभर.

आता घंटीचं सांगतो.

भट्टीला आतून आग सोसणाऱ्या मसाल्याचा थर असतो. थराच्या बाहेर तांब्याच्या नळ्या, नळ्यांत सारखं पाणी फिरतं. थर झिजत जातो. झिजून रस जर नळीपर्यंत पोचला आणि आतलं पाणी रसाला भेटलं, तर स्फोट. म्हणून बाहेरच्या कंपनीचा इंजिनेर येऊन घंटी बसवून गेल्ता. थर पातळ झाला की घंटी वाजते, लाल दिवा लागतो, करंट आपोआप बंद होतो. तरणा इंजिनेर, आमच्याच भाषेत सांगत होता, "घंटी वाजली की कोणी विचार करायचा नाही. खाली उतरायचं. घंटी खोटी होती का खरी, ते खाली उतरून ठरवू."

पावसाळ्यात ती घंटी दमट हवेनं बी वाजायला लागली. कधी खरी, कधी खोटी. दर वेळेला सगळे खाली, भट्टी थंड, रस जमून दगड. शेटजी म्हणले, "दौलतराव, वाजली तर बंद ठेवा. थर फोडा, नवीन भरा. नुकसान मी पाहीन, जीव घाबरतो माझा." हे मी माझ्या कानानं ऐकलंय, तेव्हा दोन्ही चालू होते. मालकानं लोभ केला असं लोक नंतर बोलले. ते खोटं हाये. त्या दिवशी तरी लोभ मालकाचा न्हवता.

दौलतदादाला ती घंटी आपल्याला शिवी देऊन राह्यली असं वाटायचं. "दर घंटीला उतरायचं तर भट्टी कशाला पाहिजे? चूल मांडा आणि भाकरी भाजा." एका दुपारी त्यानं घंटीच्या विजेच्या पॅनलचं मागचं दार उघडलं. ते दार बराबर माझ्या क्रेनच्या समोर. मला त्याचा पांढरा शर्ट दिसला, हातातली तार दिसली, त्यानं ती कुठून कुठं बांधली ते दिसलं. आता घंटी वाजणार न्हवती, करंट बी आपोआप बंद होणार न्हवता. कचरू बाजूला उभा. त्यांचं बोलणं कचरूनं मला जेवताना सांगितलं. कचरू म्हणला होता, "दादा, ते साहेब म्हणले होते हे काढू नका." दौलतदादा म्हणला, "कचरू, जिम्मा कोणाचा?" "तुमचा, दादा." "मंग?"

मंग काही न्हाई. त्या दिवशी तो स्वतः पूर्ण वेळ कट्ट्यावर उभा राह्यला, विडी ओढत.

मी संध्याकाळी खाली उतरलो, सगळ्यांसमोर म्हणलो, "दादा, ती तार काढा."

"दगडू, तू वर बसतो. वरून माणसं लहान दिसतात आणि भीती मोठी दिसती. जा, भजी खा."

सगळे हसले. कचरू बी हसला. दुसऱ्या दिवशी मी परत म्हणलो. तिसऱ्या वेळेला त्यानं मला महिनाभर भंगाराच्या यार्डात टाकलं. तोवर तार जुनी झाली. धूळ बसली तिच्यावर. आणि घंटी वाजत न्हाई म्हणजे भट्टी सुधारली असं लोक बोलायला लागले. खरं सांगतो, असंच बोलायचे.

कचरूनं त्या दिवसांत हसनाबादचीच दोन माणसं कट्ट्यावर कामाला लावली. त्यांना तारेचं काहीच ठाऊक न्हवतं.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी दौलतदादा कट्ट्यावर न्हवता. त्याला मी दोष देत न्हाई. वीज बोर्डाचा माणूस आल्ता, त्याच्यासंगं तो गेटवर बोलत होता. दुपार होती. मी वर होतो. भट्टीचा आवाज बदलला एवढं मला आठवतं, मंग पांढरा उजेड. माझ्या खोलीची काच माझ्या अंगावर आली आणि डावा कान गेला तो गेलाच. डावा डोळा रक्तानं भरला होता, उजव्यानं पाहिलं तर खाली रस पावसासारखा पडून राह्यला होता, आणि त्या पावसात पांढरा शर्ट पळत आत चालला होता. बाकी सगळे बाहेर पळत होते. तो एकटा आत. कचरूला त्यानं दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणलं. तळव्यांचं कातडं कचरूच्या कपड्यांना चिकटून गेलं. कचरूनं आणलेली ती दोघं माणसं भाजली, जगली. एकाचं तोंड ओळखू येईना, दुसऱ्याचा पाय गेला. कचरू दवाखान्याच्या वाटेवर संपला.

सभेत सांगितलं ते हे. हात जाळले. खरं हाये, मी पाह्यलंय.

मंग सरकारी साहेब चौकशीला आले. ऑफिसपुढं खुर्च्या टाकल्या. पॅनलमागची तार सापडली होती. साहेबांनी एकच विचारलं, "ही कोणी बांधली?"

दौलतदादा समोर बसला होता, दोन्ही हातांना मोठमोठी पांढरी बांधणी. सगळे त्याच्याकडं पाहत होते. मी बी पाहत होतो. आता हा छातीवर हात ठेवंल, असं मला वाटलं. खरंच वाटलं. इतकी वर्षं ज्या शब्दावर आमी झोपलो, तो शब्द म्हणायची हीच वेळ होती. बांधलेले हात त्यानं मांडीवर ठेवले. मंग खाली पाहून म्हणला, "भट्टी कचरूच्या ताब्यात होती, साहेब."

ते खोटं न्हाई. भट्टी कचरूच्याच ताब्यात होती. इतकं हुशार खोटं मी जन्मात ऐकलं न्हाई, ज्यात एक बी शब्द खोटा न्हाई.

मी उठलो. "साहेब, तार दौलतरावनं बांधली. म्या पाह्यली बांधताना."

"तुम्ही कोण?"

"क्रेनवाला."

"क्रेनमधून पॅनलच्या मागचं दिसतं?"

"चला वर, दाखवतो."

साहेब वर चढले न्हाईत. मागून कोणीतरी म्हणलं, "साहेब, त्याला दादानं यार्डात टाकलं होतं, म्हणून बोलून राह्यला." दुसऱ्यानं म्हणलं, "एका कानानं बहिरा झालाय, डोकं बी हाललं असंल." ज्यांना ठाऊक होतं ते जमिनीकडं पाहत होते. दौलतदादाचे हात पाहिल्यावर कोणाची जीभ उचलणार?  मेलेल्या माणसावर गेलं तर जित्यांची मिल चालू राहती, हे शेटजींना बी कळलं. असं ठरलं, की कचरूनं आपल्या मनानं तार बांधली. मला मिल सोडावी लागली. जुन्या जालन्यात एका आडत दुकानात पोती मोजायला लागलो. त्याचं दुःख न्हाई. मी खाऊन-पिऊन सुखी हाये.

दुःख सांडूबाचं. सांडूबा म्हणजे कचरूचा बाप. ज्यांची माणसं भाजली ती दोन घरं त्याच्याच गल्लीतली. त्यांनी सांडूबाच्या घरी येणं-जाणं बंद केलं. तोंड भाजलेला रोज त्याच्या दारावरून जायचा आणि थुंकून जायचा. "तुमच्या कचरूनं आमाला मारायला नेलं." गावात भट्टी म्हणलं की लोक सांडूबाकडं पाहायचे. मी सणावाराला हसनाबादला जायचो. दर वेळेला म्हातारा विचारायचा, "दगडू, माह्या पोरानं बांधली का रं तार?" मी सांगायचो, "न्हाई बाबा. दौलतरावनं बांधली." तो मान हलवायचा. "तू कचरूचा दोस्त. तू दुसरं काय म्हणणार? त्या दौलतरावाच्या तोंडून ऐकू दे एकदा. मंग म्या गल्लीत ताठ चालंन, न्हाई तर तसाच मरंन."

एवढंच पाहिजे होतं त्याला. एका माणसाच्या तोंडून एक वाक्य.

अशीच वर्षं गेली. मी एकदा अंबडच्या पुढं कामाला गेल्तो, येताना वडीगोद्रीला चहाला उतरलो तर हायवेच्या हॉटेलात दौलतदादा बसलेला. केस पिकलेले, शर्ट पांढराच. चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरलेला, बोटं नीट मिटत न्हवती.

"आरं दगडू! भजीवाला! बस, बस. ह्याला चहा दे रे, आणि भजी दे, हेल्मेट न्हाई म्हणाव आणलेलं!"

मी बसलो न्हाई. उभ्यानंच सांडूबाचं सगळं सांगितलं. थुंकण्याचं बी सांगितलं. तो हसायचा थांबला. म्हणलो, "दादा, मला काही नको. तुमी हसनाबादला चला. म्हाताऱ्यासमोर एकदा म्हणा. साहेब न्हाई तिथं, पोलीस न्हाई. एक म्हातारा हाये."

त्यानं ग्लास खाली ठेवला. मंग एकदम उठला. "चल. आत्ताच. उद्या मन फिरंल."

म्हणजे मन फिरंल हे त्याला बी ठाऊक होतं. त्याच्या जीपमधे बसून आमी जालन्यावरून भोकरदनच्या रोडला लागलो. वाटेत त्यानं विडी बी पेटवली न्हाई. मला वाटलं, चला, उशिरा का होईना.

सांडूबा ओसरीवर बसलेला. दौलतदादाला पाहून म्हातारा गडबडून उठला, टोपी शोधायला लागला. घोंगडी अंथरली. गल्लीतली माणसं जमली, ती दोन घरं बी कुंपणापाशी येऊन उभी राह्यली. चहा झाला. दौलतदादा बोलायला लागला. कचरू कसा एकेक तुकडा हलवून पाहायचा, कचरूनं एकदा भंगारातून जित्ता नाग कसा काढला, कचरू भाकरी कशी एका हातानं मोडायचा. तो लई छान सांगायचा. म्हातारा हसला, रडला, परत हसला. इतक्या वर्षांत त्या ओसरीवर मी हसणं ऐकलं न्हवतं.

मंग सांडूबानं धोतरानं डोळे पुसले. "दादा, एकच इचारतो. राग मानू नका. ती तार माह्या कचरूनं बांधली होती का?"

 दौलतदादानं आपले तळवे उलटे केले, त्यांच्याकडं पाहिलं. कुंपणापाशी उभ्या माणसाच्या भाजलेल्या तोंडाकडं पाहिलं. त्याचे ओठ हालले. मी माझा चांगला कान पुढं केला.

"बाबा," तो म्हणला, "आता कशाला ते. म्या त्याला तवाच माफ केलं."

मी ओरडलो, "दादा!"

सांडूबा माझ्यावर खेकसला, "गप रं तू!" आणि वाकून त्यानं दौलतदादाच्या पायाला हात लावला. वयानं केवढा मोठा म्हातारा. "देवासारखे धावून आले साहेब. माह्या पोरानं तुमचे हात जाळले, आन तुमी त्याच्या दारात आले." कचरूच्या आईनं कुंकू आणलं. दौलतदादा नको-नको म्हणत राह्यला, पण शेवटी डोकं खाली केलं आणि लावून घेतलं. माझ्याकडं त्यानं एकदाच पाहिलं. त्या नजरेत लाज होती का, मला सांगता यायचं न्हाई. भीती होती. ती मी पहिल्यांदाच पाहिली. मरणाची न्हाई, मरणाला तो कधी भ्याला न्हाई. भट्टीपाशी त्याला कधी लहान व्हावं लागलं न्हवतं, इथं लागलं असतं. तेवढं त्याच्यानं झालं न्हाई.

मी त्याच्या जीपमधे परत गेलो न्हाई. ओसरीच्या खांबापाशी उभा राहून पाहत होतो. गल्ली अरुंद, जीप मागं घ्यावी लागणार होती. गल्लीतली लेकरं मागच्या चाकापाशी खेळून राह्यली होती. तो गाडीत बसला, गिअर टाकला, मंग थांबला. खाली उतरला, वाकून चाकामागं पाहिलं, एकेका लेकराला धरून बाजूला केलं. परत एकदा वाकून पाहिलं. मिलमधे मी त्याला असं दोनदा पाहताना कधी पाहिलं न्हवतं. मंग गाडीत बसून, हळूहळू, सारखा मागं पाहत, गल्लीतून बाहेर पडला.